प्रसरणशील विश्वातील वैश्विक तंतूंचे जाळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैश्विक तंतूंच्या जाळ्याची उत्क्रांती गणितात कशी मांडतात, याविषयी विद्यार्थी आणि जिज्ञासू वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. सर्वत्र प्रकाशाचा वेग १ मानला आहे. त्यामुळे ‘लांबी काळाच्या ०.२७ पट’ याचा अर्थ, तेवढ्या काळात प्रकाश जितके अंतर कापेल त्याच्या ०.२७ पट, असा घ्यावा.

१. वैश्विक तंतू म्हणजे नेमके काय? स्ट्रिंग थिअरीतले तंतू ते हेच का?

विश्व थंड होत असताना एखाद्या मूलभूत क्षेत्राची सममिती भंग पावली असेल (या बदलालाच अवस्थांतर म्हणतात), तर त्या क्षेत्राला प्रत्येक ठिकाणी निर्वाताच्या, म्हणजे किमान ऊर्जेच्या, अनेक समतुल्य अवस्थांपैकी एक स्वीकारावी लागली असेल. या अवस्था वर्तुळावर मांडल्यासारख्या आहेत असे समजा. आता अवकाशातल्या एका बंद वाटेने फिरून मूळ जागी येईपर्यंत क्षेत्राची कला (फेज, म्हणजे वर्तुळावरचे त्याचे स्थान) त्या वर्तुळाभोवती पूर्ण एक फेरी मारत असेल, तर वाटेच्या आत कुठेतरी क्षेत्राला शून्य व्हावेच लागते आणि तिथे अवस्थांतरापूर्वीची ऊर्जा अडकून पडते. ही ऊर्जा एका रेषेवर एकवटलेली असते आणि त्या रेषेलाच वैश्विक तंतू म्हणतात. टॉम किबल यांनी १९७६ मध्ये ही कल्पना विश्वरचनाशास्त्रात आणली. अशा तंतूला टोक नसते; तो एकतर क्षितिजापलीकडे (विश्वाच्या वयात प्रकाश जिथवर पोहोचू शकतो त्या सीमेपलीकडे) जातो किंवा स्वतःलाच मिळून बंद वेटोळे बनतो.

तंतूचे सारे गुरुत्वीय परिणाम एका संख्येवर ठरतात. एकक लांबीचे वस्तुमान गुरुत्वीय स्थिरांकाने गुणून प्रकाशवेगाच्या वर्गाने भागले की ती मिळते. पुढे तिला ‘जी-म्यू’ म्हटले आहे. सममितीभंगाची ऊर्जा १० चा १६ वा घात इतके गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल, तर जी-म्यू सुमारे दहा लाखावा भाग येते. नेमके तेवढे धरले, तर अशा तंतूच्या साधारण साडेचार किलोमीटर लांबीत पृथ्वीइतके वस्तुमान असते आणि त्याची जाडी १० चा उणे ३२ वा घात इतके मीटर असते. स्ट्रिंग थिअरीशी या तंतूंचा जन्मतः संबंध नाही. तिथले तंतूही वैश्विक आकाराचे होऊ शकतात, पण तो वेगळा विषय असून त्याचे उत्तर प्रश्न ११ मध्ये आहे.

२. एक तंतू नीट समजला की पुरे. ‘जाळ्या’चा अभ्यास कशासाठी?

कारण तंतू एकटा जन्माला येत नाही. अवस्थांतराच्या वेळी एकमेकांपासून दूर असलेल्या भागांना परस्परांची निवड कळू शकत नाही, म्हणून प्रत्येक भागात कला स्वैरपणे ठरते आणि तंतूंचे दाट जंगल एकदमच तयार होते. तन्मय वाचस्पती आणि अलेक्झांडर व्हिलेन्किन यांनी १९८४ मध्ये घनांच्या जाळीवर स्वैर कला वाटून हे प्रत्यक्ष मोजले. एकूण लांबीपैकी सुमारे ८० टक्के लांबी न संपणाऱ्या लांब तंतूंमध्ये आढळली, उरलेली वेटोळ्यांमध्ये. पुढे तंतू एकमेकांना छेदतात, जोडणी बदलतात आणि वेटोळी सोडून देतात. एकेका तंतूचे गतिशास्त्र कितीही नेमके ठाऊक असले, तरी आजच्या आकाशात किती तंतू असावेत हे त्यातून कळत नाही. ते ठरते या सामूहिक व्यवहारातून.

३. विश्व प्रसरण पावते तसा तंतूही ताणला जाऊन विरळ होतो का?

ताणला जातो, पण विरळ होत नाही. रबर ताणले की बारीक होते; वैश्विक तंतू कितीही ताणला तरी त्याची जाडी आणि एकक लांबीतील ऊर्जा तेवढीच राहते, कारण या दोन्ही गोष्टी क्षेत्राच्या नियमांनी ठरलेल्या असतात. लांबी वाढते तशी तंतूची एकूण ऊर्जा वाढते.

यातून एक गंभीर अडचण उभी राहते. तंतू फक्त ताणले जात असतील, तर लांबी प्रसरण-गुणकाच्या (विश्वातली अंतरे किती पट वाढली हे सांगणाऱ्या संख्येच्या) प्रमाणात वाढते, आकारमान त्याच्या घनाच्या प्रमाणात, म्हणून तंतूंची ऊर्जाघनता प्रसरण-गुणकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. द्रव्याची घनता तिसऱ्या घाताने आणि प्रारणाची चौथ्या घाताने घटते. सर्वांत सावकाश घटणारा घटक शेवटी इतरांवर मात करतो, आणि तसे झाले असते तर आजचे विश्व तंतूंनीच व्यापलेले असते.

४. मग तंतूंनी विश्व का व्यापले नाही?

कारण जाळे स्वतःची लांबी सतत काढून टाकत असते. दोन तंतू छेदतात तेव्हा त्यांच्या बाजूंची अदलाबदल होते. एखादा तंतू स्वतःलाच छेदतो तेव्हा त्यातून एक वेटोळे सुटते. वेटोळे स्वतःच्या ताणाने थरथरत राहते, गुरुत्वीय लहरी सोडते आणि लहान होत होत नाहीसे होते. लांब तंतूंमधली ऊर्जा अशा रीतीने वेटोळ्यांत आणि तिथून लहरींत जाते.

या व्यवहारात नियमनाची सोय आपोआप होते. जाळे गरजेपेक्षा दाट असेल तर छेद वाढतात, वेटोळी जास्त सुटतात आणि घनता खाली येते; विरळ असेल तर छेद कमी होतात आणि प्रसरणाने वाढणारी लांबी टिकून राहते. परिणामी जाळे अशा स्थितीला पोहोचते की त्याची प्रत्येक लांबी विश्वाच्या वयाच्या प्रमाणात वाढते आणि क्षितिजाच्या आत सापडणाऱ्या लांब तंतूंची संख्या सर्व काळी जवळपास तीच राहते. या स्थितीला स्केलिंग म्हणतात. यात तंतूंची ऊर्जाघनता विश्वाच्या एकूण घनतेचा ठरावीक अंश बनून राहते आणि प्रश्न ३ मधली अडचण मिटते. मला या विषयाचे सर्वांत मोठे सौंदर्य इथेच दिसते: सुरुवात कशीही झाली असो, जाळे ती विसरते.

५. हे सर्व दोन-तीन समीकरणांत कसे बसवतात?

लक्षावधी वाकणांचा हिशेब ठेवण्याऐवजी संपूर्ण जाळ्यासाठी एकच वैशिष्ट्यदर्शक लांबी घेतात. शेजारच्या दोन तंतूंमधले सरासरी अंतर, तंतू सरासरी जितक्या अंतरावर वळतो ती लांबी आणि वक्रतेची त्रिज्या या तिन्ही गोष्टी एकच मानल्या जातात. मग ऊर्जाघनता म्हणजे तंतूचा ताण (एकक लांबीतील ऊर्जा) भागिले या लांबीचा वर्ग. किबल यांनी या एक-लांबी मॉडेलचा पाया घातला. त्यात तंतूंचा वेग स्थिर धरलेला असे. कार्लोस मार्टिन्स आणि पॉल शेलार्ड यांनी १९९६ मध्ये वेगालाही स्वतंत्र चल मानून ते पूर्ण केले, आणि आज बहुतेक ठिकाणी हेच वेगावलंबी मॉडेल वापरतात.

त्यातले पहिले समीकरण घनतेचे आहे. घनता दोन कारणांनी घटते. पहिले कारण प्रसरण: घटीचा दर हबल प्राचलाच्या (विश्वाच्या प्रसरणाच्या दराच्या) दुप्पट, गुणिले (१ अधिक वेगाचा वर्ग). यातला ‘१’ म्हणजे प्रश्न ३ मधले निव्वळ ताणले जाणे. वेगाच्या वर्गाचे पद सांगते की धावणाऱ्या तंतूची गतिज ऊर्जा प्रसरणामुळे आणखी क्षीण होते. दुसरे कारण वेटोळ्यांची छाटणी: तिचा दर वेग भागिले वैशिष्ट्यदर्शक लांबी याच्या प्रमाणात असतो आणि त्याचा गुणक सिम्युलेशनवरून ठरवावा लागतो. तो सुमारे ०.२३ येतो.

दुसरे समीकरण वेगाचे आहे. वक्र तंतू सरळ होऊ पाहतो, म्हणून वक्रता त्याला वेग देते. प्रसरण त्या वेगाला हबल प्राचलाच्या दुपटीने आवर घालते. आणि या दोहोंच्या फरकाला (१ वजा वेगाचा वर्ग) हा सापेक्षतेचा गुणक लागतो, त्यामुळे वेग कधी प्रकाशाला गाठत नाही. वक्रतेच्या पदात ‘संवेग प्राचल’ नावाचे वेगाचे एक फल येते. तंतूवर बारीक सुरकुत्या किती आहेत याची नोंद तेच घेते, आणि वेगाचा वर्ग अर्धा होताच ते शून्य होते, कारण न पसरणाऱ्या अवकाशातील तंतूचा सरासरी वेग तेवढाच असतो.

प्रसरण-गुणक काळाच्या ठरावीक घाताने वाढतो असे धरून ही समीकरणे सोडवली, की लांबी काळाच्या प्रमाणात आणि वेग स्थिर अशी उकल मिळते. प्रारणप्रधान युगात लांबी काळाच्या सुमारे ०.२७ पट आणि वेग प्रकाशाच्या ०.६६ पट येतो. द्रव्यप्रधान युगात हेच आकडे ०.६२ आणि ०.५८ असे येतात. यावरून लांब तंतूंची घनता एकूण घनतेच्या तुलनेत काढली, तर पहिल्या युगात ती जी-म्यूच्या साधारण ४५० पट आणि दुसऱ्यात साधारण ५० पट निघते. जी-म्यू एक कोटीवा भाग असले, तरी द्रव्ययुगात हा वाटा दोन लाखांत एक भाग इतकाच भरतो.

६. एका गुणकाला सिम्युलेशनवरून बसवायचे, तर मॉडेलला अर्थ काय उरला?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो मनापासून घ्यावा. मॉडेलची कसोटी अशी की एकदा ठरवलेला ०.२३ हा गुणक प्रारणयुगात, द्रव्ययुगात आणि त्यांच्या मधल्या काळात न बदलता चालला पाहिजे, आणि नाम्बू-गोटो सिम्युलेशनमध्ये, म्हणजे तंतूला जाडी नसलेली रेषा मानणाऱ्या पद्धतीत (प्रश्न ७), तो बऱ्याच अंशी चालतो. प्रसरणाचे वेगवेगळे वेग गृहीत धरून केलेल्या अलीकडच्या चाचण्यांमध्ये मात्र संवेग प्राचलाचे रूप सुधारावे लागले आणि प्रारणाने जाणाऱ्या ऊर्जेचे वेगळे पद जोडावे लागले. माझ्या मते सरासरी घनता आणि वेग यांसाठी हे मॉडेल विश्वासार्ह आहे. तंतूवरच्या बारीक रचनेसाठी ते बनवलेलेच नाही.

७. सिम्युलेशन करणाऱ्या दोन गटांची उत्तरे वेगळी का येतात?

कारण ते दोन वेगळ्या गोष्टी सोडवतात. एक पद्धत तंतूला जाडी नसलेली रेषा मानते आणि नाम्बू-गोटो समीकरणाने तिची हालचाल काढते. या मार्गाने अल्ब्रेख्ट आणि टुरोक, बेनेट आणि बुशे, तसेच अॅलन आणि शेलार्ड यांनी १९८० च्या दशकात आणि १९९० च्या सुमारास स्केलिंग दाखवून दिले. दुसरी पद्धत मूळ क्षेत्रच जाळीवर सोडवते. तंतू त्यातून आपोआप उगवतात. पहिल्या पद्धतीत काळाचा मोठा पल्ला गाठता येतो, पण छेदाच्या वेळी काय होते हा नियम बाहेरून घालावा लागतो आणि तंतूतून थेट कण निसटण्याची शक्यता वगळलेली असते. दुसऱ्या पद्धतीत भौतिकशास्त्र पूर्ण असते, पल्ला मात्र अगदी तोकडा.

तोकडा किती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सर्वांत मोठ्या क्षेत्र-सिम्युलेशनांपैकी काहींत प्रत्येक बाजूला ४०९६ बिंदू असतात. प्रश्न १ मधल्या जड तंतूची जाडी आणि आजच्या क्षितिजाची लांबी यांचे गुणोत्तर मात्र १० चा ५८ वा घात इतके आहे. शिवाय जाळी विश्वाबरोबर प्रसरण पावते आणि तंतूची खरी जाडी तेवढीच राहते, म्हणून काही वेळाने तंतू जाळीच्या दोन बिंदूंमध्ये हरवतो. यावर उपाय म्हणून समीकरणे किंचित बदलून तंतूची जाडी विश्वाबरोबर वाढू देतात. त्याचा सरासरी घनतेवर फारसा परिणाम होत नाही असे दिसते, पण बारीक रचनेबद्दल तसा निर्वाळा देता येत नाही.

लांब तंतू स्केलिंगला पोहोचतात, यावर दोन्ही गट सहमत आहेत. मतभेद ऊर्जा बाहेर कशी जाते याबद्दल आहे. नाम्बू-गोटो सिम्युलेशनमध्ये ती मोठ्या, दीर्घायुषी वेटोळ्यांमधूनही जाते. क्षेत्र-सिम्युलेशनमध्ये वेटोळी लवकर विरतात आणि ऊर्जेचा मोठा भाग थेट जड कणांच्या प्रारणात जातो. हा फरक तोकड्या पल्ल्यामुळे दिसतो की खरोखरचा आहे, हा या क्षेत्रातला आजचा सर्वांत महत्त्वाचा अनिर्णित प्रश्न आहे.

८. वेटोळी किती मोठी असतात आणि किती काळ टिकतात?

नाम्बू-गोटो सिम्युलेशनचे उत्तर असे: छाटल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण १० टक्के ऊर्जा काळाच्या ०.१ पट लांबीच्या मोठ्या वेटोळ्यांत जाते. उरलेली अतिशय लहान आणि वेगाने धावणाऱ्या वेटोळ्यांत जाते, ज्यांची धावण्याची ऊर्जा प्रसरणात वाया जाते. ब्लँको-पिलाडो, ओलम आणि श्लेर यांच्या मांडणीनुसार प्रारणयुगात एकक आकारमानात, लांबीच्या एकक टप्प्यात असणारी वेटोळ्यांची संख्या म्हणजे ०.१८ भागिले काळाचा दीडावा घात, भागिले (लांबी अधिक तोवर झिजलेली लांबी) हिचा अडीचावा घात.

झीज मोजणे सोपे आहे. वेटोळे गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गमावते आणि त्याची लांबी प्रकाशवेगाच्या सुमारे ५० गुणिले जी-म्यू इतक्या दराने घटते. एक प्रकाशवर्ष लांबीचे वेटोळे आणि जी-म्यू दहा हजार कोटीवा भाग घेतल्यास आयुष्य सुमारे २०० कोटी वर्षे येते. हे वेटोळे दर सहा महिन्यांनी एक आवर्तन पूर्ण करते, म्हणून त्याच्या लहरींची मूळ वारंवारता सेकंदाला १० चा उणे ८ वा घात या श्रेणीची, म्हणजे पल्सारच्या (अतिशय नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या, फिरणाऱ्या मृत ताऱ्यांच्या) ठोक्यांच्या निरीक्षणांत सापडू शकेल अशी असते. त्यावर कस्प आणि किंक यांच्यामुळे वरच्या पटीतील वारंवारताही उमटतात. कस्प म्हणजे क्षणभर प्रकाशवेग गाठणारा बिंदू आणि किंक म्हणजे छेदातून उरलेला धारदार कोन. दोन्हींतून लहरींचे झोत निघतात.

९. स्केलिंग अगदी पहिल्या क्षणापासून लागू होते का?

नाही. सुरुवातीला भोवतालचे दाट कण तंतूवर आदळून त्याला अडवतात, आणि हे घर्षण प्रसरणापेक्षा प्रभावी असते. प्रश्न ५ मधल्या समीकरणांत घर्षणाचे पद मिळवून हा टप्पा हाताळतात. त्यात लांबी काळाच्या सव्वाव्या घाताने वाढत जाऊन स्केलिंगला गाठते. घर्षणाचा काळ साधारणपणे प्लँक-काळ (भौतिकशास्त्रातले सर्वांत लहान मूलभूत कालमान) भागिले जी-म्यूचा वर्ग इतका असतो. दहा लाखाव्या भागासाठी तो १० चा उणे ३१ वा घात सेकंदांच्या आसपास संपतो. हलक्या तंतूंसाठी बराच लांबतो. द्रवस्फटिकांतल्या तंतुरूपी दोषांवर १९९१ मध्ये प्रयोगशाळेत जे प्रयोग झाले, त्यांत जाळे विरळ होताना दिसले, पण तिथे घर्षणच सर्वेसर्वा असल्याने लांबी काळाच्या वर्गमुळाने वाढते. त्या प्रयोगांवरून विश्वातले स्केलिंग सिद्ध झाले असे मानू नये.

१०. स्केलिंग पुढे कधी मोडते?

प्रसरणाचा नियम बदलतो तेव्हा. प्रारणयुगातून द्रव्ययुगात जाताना जाळ्याला नव्या स्थिर आकड्यांवर यायला फार वेळ लागतो, म्हणून वैश्विक पार्श्वप्रारण (आद्य विश्वातून आजही पोहोचणारा क्षीण प्रकाश) सुटले तेव्हा जाळे यांपैकी कोणत्याच स्थितीत नेमके नव्हते. दोन्ही टोकांची उत्तरे चिकटवून काम भागत नाही, समीकरणे सलग सोडवावी लागतात. कृष्ण ऊर्जेमुळे विश्व वेगाने प्रसरण पावू लागले, की तंतू एकमेकांपासून दूर ओढले जातात, वेग शून्याकडे जातो, छेद थांबतात आणि घनता प्रश्न ३ प्रमाणे घटू लागते. महाप्रसरण (विश्वाच्या आरंभीचा अतिवेगवान प्रसरणाचा टप्पा, इन्फ्लेशन) चालू असताना जन्मलेले तंतूही असेच क्षितिजाबाहेर फेकले जातात. ते कालांतराने परत आत येतात, पण स्केलिंग उशिरा सुरू होते आणि जुन्या वेटोळ्यांतून येणाऱ्या लहरी गायब असतात.

११. छेद होऊनही तंतूंची जोडणी बदलली नाही तर?

साध्या क्षेत्र-सिद्धान्तातील तंतूंसाठी अदलाबदलीची शक्यता जवळपास १ असते. स्ट्रिंग थिअरीतून येणाऱ्या वैश्विक सुपरस्ट्रिंगसाठी जॅक्सन, जोन्स आणि पोलचिन्स्की यांच्या गणनेत ती हजारात एक इतकी कमीही येते, कारण हे तंतू इतर मितींमध्ये एकमेकांना चुकवू शकतात. शक्यता कमी म्हणजे छाटणी कमी आणि जाळे अधिक दाट. घनता मात्र शक्यतेच्या सरळ व्यस्त प्रमाणात वाढत नाही, त्याहून कमी वाढते. तंतूवरच्या सुरकुत्यांमुळे एकाच भेटीत अनेकदा छेद होतात आणि जोडणीला अनेक संधी मिळतात. याखेरीज दोन वेगळ्या प्रकारचे तंतू मिळून तिसऱ्या ताणाचा तंतू बनवू शकतात, आणि जाळ्यात तीन फाट्यांचे सांधे तयार होतात. तेव्हा प्रत्येक प्रकारासाठी वेगळी लांबी आणि वेगळा वेग घेऊन समीकरणांची एक जोडीच लिहावी लागते.

१२. अॅक्सिऑनच्या तंतूंना हीच समीकरणे चालतात का?

जशीच्या तशी नाहीत. अॅक्सिऑन हा अजून न सापडलेला, अतिशय हलका संभाव्य कण आहे. त्या तंतूंच्या क्षेत्राची ऊर्जा गाभ्यात बंदिस्त नसते. ती दूरवर पसरते, म्हणून ताण स्थिर न राहता क्षितिज आणि जाडी यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात हळूहळू वाढतो. ऊर्जा मुख्यतः हलक्या अॅक्सिऑन कणांमधून जाते. अॅक्सिऑनला वस्तुमान मिळते त्या वेळी हा लॉगॅरिदम सुमारे ७० असतो, तर सिम्युलेशन ८ किंवा ९ च्या आसपास अडखळते. मधल्या पल्ल्यात तंतूंची घनता वाढत जाते की स्थिरावते, यावर कृष्ण द्रव्य म्हणून अॅक्सिऑनचे वस्तुमान किती असावे याचा अंदाज ठरतो. इतक्या लांबच्या बाह्यनिष्कर्षणावर आधारलेला कोणताही नेमका आकडा सावधपणे घ्यावा.

१३. जी-म्यूच्या मर्यादा वेगवेगळ्या ठिकाणी इतक्या वेगळ्या का दिलेल्या असतात?

कारण त्या जाळ्याच्या वेगवेगळ्या भागांवर आधारलेल्या असतात. पार्श्वप्रारणावरचा ठसा प्रामुख्याने लांब तंतूंचा असतो. प्लँक उपग्रहाच्या २०१३ च्या विश्लेषणात नाम्बू-गोटो जाळ्यासाठी एक कोटी भागांत दीड भाग आणि क्षेत्र-सिम्युलेशनवर आधारित जाळ्यासाठी ३.२ भाग अशी वरची मर्यादा निघाली. दोन पद्धतींत फरक फक्त दुपटीचा आहे, कारण लांब तंतूंबद्दल एकमत आहे. पल्सारच्या निरीक्षणांतून हजार कोटीवा भाग किंवा त्याहूनही कडक मर्यादा निघते, पण ती मोठी, दीर्घायुषी वेटोळी आहेत या गृहीतकावर उभी आहे. प्रश्न ७ मधला वाद क्षेत्र-सिम्युलेशनच्या बाजूने सुटला, तर ही दुसरी मर्यादा बरीच सैल होईल. म्हणून मर्यादा सांगताना वेटोळ्यांचे मॉडेल कोणते घेतले हे सांगितलेच पाहिजे. ते न सांगितलेला आकडा अपुरा आहे.

१४. २०२३ मध्ये पल्सारांत सापडलेला लहरींचा गुंजारव तंतूंचा आहे का?

तसे म्हणता येत नाही. नॅनोग्रॅव्हसह अनेक गटांनी त्या वर्षी नॅनोहर्ट्झ पट्ट्यातील गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा मांडला. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हे त्याचे सर्वांत स्वाभाविक स्पष्टीकरण आहे. कायम टिकणाऱ्या साध्या तंतूंचा वर्णपट त्या मानाने फार सपाट असल्याने जुळत नाही. सुपरस्ट्रिंग, किंवा एकध्रुवांच्या (एकच चुंबकीय ध्रुव असलेल्या संभाव्य कणांच्या) जोड्या निर्माण होऊन तुटणारे अल्पस्थिर तंतू अधिक चांगले जुळतात. अल्पस्थिर तंतूंसाठी जाळ्याचे मॉडेल पुन्हा तपासावे लागते, कारण तिथे तंतूला टोके असू शकतात आणि प्रश्न १ मधला नियमच शिथिल होतो.

१५. स्वतः गणना करून पाहायची असल्यास सुरुवात कुठून करावी?

प्रश्न ५ मधली दोन समीकरणे घ्या, गुणक ०.२३ ठेवा आणि काळाऐवजी त्याच्या लॉगॅरिदममध्ये पावले टाकत ती संगणकावर सोडवा. रंगे-कुट्टा पद्धत पुरते. आधी शुद्ध प्रारणयुग घ्या आणि सुरुवातीची लांबी मुद्दाम दहापट लहान, मग दहापट मोठी ठेवून पाहा. दोन्ही वेळा लांबी व काळ यांचे गुणोत्तर ०.२७ वर आले नाही, तर समीकरण उतरवताना चूक झाली आहे. बहुतेकदा घनतेच्या समीकरणाचे रूपांतर लांबीत करताना २ हा गुणक निसटलेला असतो. त्यानंतर प्रसरणाचा खरा इतिहास, म्हणजे प्रारण, द्रव्य आणि कृष्ण ऊर्जा असे तिन्ही घटक, हबल प्राचलात घाला. प्रारण आणि द्रव्य समान होण्याच्या बऱ्याच आधी वक्र रेषा ०.२७ पासून हटू लागते आणि ०.६२ ला पोहोचण्यापूर्वीच कृष्ण ऊर्जा तिला वेगळीकडे नेते.